सूडाच्या नाटकातल्या पाच भेटी : लिहायची आणि उभी करायची कृती

एकांकिका स्पर्धेचा फॉर्म भरलाय, सूडाचा विषय ठरलाय, शेवटी कोणीतरी जीवानिशी जाणार हेही पक्कं आहे. अडलंय ते मधल्या पाऊण तासावर. दोघं समोरासमोर आले की ओरडायला लागतात आणि दहाव्या मिनिटाला प्रेक्षक मोबाइल काढतो. हरकत नाही. वही उघडा, मी शेजारीच आहे. खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा, मधली एकही गाळू नका.

सगळ्या कृतीत नियम एकच : प्रत्येक भेट संपल्यावर ‘कोणाला काय ठाऊक आहे’ हे बदललेलं असलं पाहिजे. आवाज वाढल्याने ताण वाढत नाही. माहिती एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली की वाढतो.

साहित्य

- दोनशे पानी वही
- कोऱ्या पाठीच्या पाच जुन्या लग्नपत्रिका (ही आपली कार्डं)
- एक निळं आणि एक लाल पेन
- एक टेबल, दोन खुर्च्या
- मोबाइल : वेळ लावायला आणि आवाज टिपायला
- मोठ्याने वाचून दाखवतील असे दोन मित्र आणि गोष्ट अजिबात ठाऊक नसलेली एक व्यक्ती

पूर्वतयारी

१. गोष्ट तीन वाक्यांत लिहा. पहिल्या वाक्यात जुना गुन्हा, दुसऱ्यात बदला घ्यायला कोण आलं, तिसऱ्यात बदल्याची किंमत. नमुन्याला आपण कात्रजची एक कल्पित गोष्ट घेऊ. कात्रज चौकात भाऊसाहेबांचं खासगी बसचं बुकिंग ऑफिस आहे. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या ड्रायव्हरने ब्रेकची तक्रार वहीत लिहिली, त्यांनी ते पान फाडून गाडी घाटात पाठवली आणि मेलेल्या ड्रायव्हरवर दारूचा ठपका ठेवला. ड्रायव्हरची मुलगी वैजू सासरच्या आडनावाने त्याच ऑफिसात तिकिटं फाडायला लागते. भाऊसाहेबांना तसंच मारायला ती जाते आणि त्याच गाडीच्या स्टिअरिंगवर तिचा धाकटा भाऊ नितीन बसतो.
सांभाळा : तिसरं वाक्य ‘आणि तिला न्याय मिळतो’ असं झालं, तर ती शोकांतिका राहिली नाही. पुन्हा लिहा.

२. दोन वस्तू निवडा. एक गुन्ह्याची, एक ओळखीची. आपल्याकडे गुन्ह्याची वस्तू म्हणजे ड्रायव्हरची तक्रारवही. ओळखीची वस्तू म्हणजे वैजूचा स्टीलचा डबा. झाकणावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं आहे. ‘ऑथेल्लो’त (देवलांनी ते ‘झुंझारराव’ म्हणून मराठीत आणलं) एक रुमाल केवढा अनर्थ करतो ते आठवा.
सांभाळा : तिसरी वस्तू घेऊ नका. फोटो, लॉकेट, चिठ्ठी, अंगठी असं सगळं आलं की प्रेक्षक एकही लक्षात ठेवत नाही.

३. ‘कोणाला काय ठाऊक’ हा तक्ता आखा. वहीचं पान आडवं धरा. पाच रकाने : वैजू, भाऊसाहेब, नितीन, मेस्त्री (ऑफिसच्या गाड्या दुरुस्त करणारा), प्रेक्षक. डावीकडे चार गोष्टी एकाखाली एक लिहा : वडिलांनी ब्रेकची तक्रार लिहिली होती, ते पान भाऊसाहेबांनी फाडलं, बुकिंगवरची पोरगी त्याच ड्रायव्हरची, आजच्या गाडीचीही तक्रार कोणीतरी दडवली आहे. ज्याला जे सुरुवातीपासून ठाऊक आहे तिथे निळी खूण करा. पुढे नाटकात जे कळेल तिथे ते कोणत्या भेटीत कळेल त्या भेटीचा आकडा लाल पेनने टाका.
सांभाळा : एकाच भेटीचे तीन आकडे एका रकान्यात आले, तर सगळी भाकरी एकाच घासात भरवताय. एक आकडा पुढच्या भेटीत ढकला.

४. प्रेक्षकाचा रकाना पुन्हा तपासा. वैजू कोण आहे हे प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत कळू द्या आणि भाऊसाहेबांना चौथ्या भेटीपर्यंत कळू देऊ नका. विराटपर्वातला कीचक आठवा. काळोख्या नर्तनशाळेत सैरंध्री वाट बघतेय असं समजून तो आत शिरतो. आत भीम आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून त्याचं प्रत्येक गोड वाक्य ऐकताना आपण पुढे सरकून बसतो. भीम आत आहे हे आपल्यालाही ठाऊक नसतं, तर एकदाच दचकलो असतो आणि विसरलो असतो.
सांभाळा : ‘शेवटी उलगडा करू’ म्हणून प्रेक्षकापासून वैजूची ओळख लपवू नका. दचकवणं सोपं आहे. पाऊण तास धरून ठेवायचं असेल तर प्रेक्षकाला गुपितात भागीदार करा.

५. ‘आजच का नाही?’ याचं उत्तर एका ओळीत लिहा. बदला घेणारा पहिल्याच दिवशी वार का करत नाही? भर सभेत कीचक सैरंध्री झालेल्या द्रौपदीला लाथ मारतो आणि भीम तिथेच असूनही उठत नाही, कारण अज्ञातवास उघड झाला तर पुन्हा वनवास. आपल्या वैजूची अडचण : फाडलेलं पान भाऊसाहेबांच्या तिजोरीत आहे असं तिला वाटतं आणि ते हाती आल्याशिवाय वडिलांवरचा दारूचा डाग पुसणार नाही.
सांभाळा : ‘तिची हिंमत होत नाही’ हे उत्तर चालणार नाही. अडथळा बाहेरचा, डोळ्यांना दिसणारा हवा. तिजोरी दिसते, हिंमत दिसत नाही.

६. खलनायकाला एक खरा चांगुलपणा द्या. दाखवायचा नव्हे, खरा. आपले भाऊसाहेब चौथ्या भेटीत वैजूला ओळखतात आणि प्रायश्चित्त म्हणून तिच्या भावाला भोरहून बोलावून ड्रायव्हरची नोकरी देतात. याच भल्या कामामुळे शेवटचा घोटाळा होणार आहे.
सांभाळा : चांगुलपणा कथेला धक्का देणारा हवा. कुत्र्याला बिस्किट घालणारा खलनायक नुसता वेळ खातो.

पाच कार्डं

७. पाचही कार्डांवर मथळा आणि मिनिटं लिहा. टेबलावर डावीकडून उजवीकडे मांडा : गोड भेट (५), परीक्षा (६), हुकलेला वार (७), उलटलेला डाव (९), गप्प राहण्याची किंमत (११). बेरीज ३८. पाऊण तासातली उरलेली ७ मिनिटं भेटींच्या मधल्या जागांसाठी.
सांभाळा : सगळ्या भेटी सारख्या लांबीच्या ठेवल्या तर पुढची कधी संपणार हे प्रेक्षकाला आधीच कळतं.

८. प्रत्येक कार्डाखाली दोन ओळी लिहा : आत येताना कोणाला काय हवंय, बाहेर जाताना काय मिळालं. पहिल्या कार्डावर : वैजूला नोकरी हवी, भाऊसाहेबांना विश्वासू माणूस हवं; दोघांना हवं ते मिळतं.
सांभाळा : ‘वैजूला राग व्यक्त करायचाय’ असं लिहू नका. नोकरी, चावी, सही, पान, कबुली अशी हातात घेता येईल किंवा कानाने ऐकता येईल अशी गोष्टच लिहा.

९. पहिली भेट गोड लिहा. नोकरीची मुलाखत. एकही टोमणा नको. डबा टेबलावर ठेवा, नावाची बाजू तिच्याकडे.

भाऊसाहेब : आधी कुठे होतीस कामाला?
वैजू : साताऱ्याला. तिकिटांवरच.
भाऊसाहेब : घरी कोण असतं?
वैजू : आई. वडील गेले.
भाऊसाहेब : अरेरे. कशानं गं?
वैजू : कामावर असताना. (वही सरळ करत) ही वही रोज भरायची का, साहेब?

त्यांनी विचारलं, तिने खरंच सांगितलं, आणि तरी त्यांना काही कळलं नाही. शक्य असेल तिथे पात्राला खोटं बोलायला लावू नका. अर्धं खरं जास्त बोचतं.
सांभाळा : इथे भीतिदायक संगीत लावलंत की भेट वाया गेली. गोडवा निखळच राहू द्या.

१०. दुसऱ्या भेटीत सापळा लावा. बदला घेणाऱ्याने खात्री करून घ्यायची असते. हॅम्लेट (आगरकरांच्या ‘विकारविलसित’मुळे तो मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे) बापाला मारून राजा झालेल्या काकासमोर त्या खुनाचंच नाटक करवतो आणि मित्र होरेशिओला सांगतो, राजाच्या चेहऱ्यावर नजर ठेव. वैजू तेच करते. त्या रात्री वडिलांनी घरी फोनवर सांगितलेले शब्द ती आजची तक्रार म्हणून वाचून दाखवते.

वैजू : ‘पायडल खाली जातंय. उतारावर भरवसा नाही.’
(भाऊसाहेबांची बशी हातातच थांबते.)
भाऊसाहेब : कोणी लिहिलंय?
वैजू : सही नाही, साहेब.
मेस्त्री : (दारातून) आज कुठलीच गाडी उताराला गेली नाही.

सांभाळा : सापळ्याच्या वेळी दारात तिसरा माणूस हवाच. तो नसेल तर भाऊसाहेबांची थांबलेली बशी प्रेक्षकाच्या नजरेतून निसटते. मेस्त्री जिकडे बघतो तिकडेच सगळं थिएटर बघतं.

११. तिसऱ्या भेटीत वार हुकवा. बदला घेणाऱ्याला पूर्ण संधी द्या आणि त्यानेच ती सोडावी. प्रार्थनेला बसलेल्या काकाच्या पाठीशी हॅम्लेट तलवार घेऊन उभा राहतो, पण प्रार्थना करताना मारलं तर हा स्वर्गात जाईल म्हणून परत फिरतो. तो गेल्यावर काका म्हणतो की त्याची प्रार्थना वर पोचलीच नाही. संधी गेली, तीही फुकट. आपल्याकडे : रात्री ऑफिसात दोघंच, भाऊसाहेबांच्या छातीत कळ येते. जिभेखाली ठेवायची गोळी वैजूच्या हातात आहे. ते गेले तर तिजोरीतलं पान कायमचं गेलं, म्हणून ती गोळी देते. ती बाहेर पडल्यावर भाऊसाहेब तिजोरीतून तेच पान काढतात आणि काडी लावतात.
सांभाळा : पान जळताना वैजू मंचावर नको. तिला कळलं तर पुढच्या दोन भेटी कोसळतील. तक्त्यात ही पाचवी ओळ आत्ताच वाढवा : पान जळलंय हे फक्त भाऊसाहेब आणि प्रेक्षक जाणतात.

१२. चौथी भेट खलनायकाला सुरू करू द्या. आतापर्यंत वैजू त्यांच्या खोलीत जात होती. आता ते तिला बोलावतात. डबा त्यांच्या टेबलावर आहे, नावाची बाजू त्यांच्याकडे.

भाऊसाहेब : बसा.
वैजू : मला कशाला अहो-जाहो, साहेब?
भाऊसाहेब : (डबा तिच्याकडे फिरवत) ड्रायव्हरच्या मुलीला ‘बसा’ म्हणायला सहा वर्षं उशीर झाला.

‘अगं पोरी’वरून ते ‘बसा’वर येतात, तेवढ्यात पारडं फिरतं, आवाज चढवायची गरज पडत नाही. मग ते कबूल करतात, माफी मागतात, नितीनच्या नोकरीचं सांगतात. ती एकच गोष्ट मागते : पान. ते म्हणतात, ‘नाही माझ्याकडे.’ आपल्याला ठाऊक आहे की हे खरं आहे. तिला ते खोटं वाटतं.
सांभाळा : ही भेट समेटावर संपवू नका. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीसाच्या हवाली केलेली लेक गेल्यावर घाशीराम त्या नानासमोर जातो, नाना त्याला बोलण्यात गुंडाळतो, आणि जो राग नानावर निघायचा तो साऱ्या पुण्यावर निघतो. चौथ्या भेटीत अडलेला राग असाच चुकीच्या वाटेने बाहेर पडायला हवा.

१३. चौथ्या आणि पाचव्या भेटीच्या मधे एक मूक कृती ठेवा. मेस्त्री वहीत आजच्या रिकाम्या गाडीची तक्रार लिहून जातो. ही गाडी वरातीसाठी खेड शिवापूरला जायची आहे आणि भाऊसाहेब तिच्यातून आपली जमीन बघायला जाणार आहेत. वैजू पान वाचते आणि फाडते. एक शब्द नको. ज्या गुन्ह्याचा बदला घ्यायला ती आली, तोच गुन्हा तिने आत्ता केला. गाडीत भाऊसाहेब असतील एवढंच तिच्या डोक्यात आहे; गाडीला ड्रायव्हरही असतो, याचा ड्रायव्हरच्या मुलीला विसर पडलाय.
सांभाळा : प्रेक्षकाला हे समजावून सांगणारं स्वगत घालायचा मोह होईल. पेन खाली ठेवा. पान फाडल्याचा आवाज पुरतो.

१४. पाचव्या भेटीत गप्प राहणंच जीवघेणं करा. हॅम्लेटच्या शेवटी विषाचा पेला राणी उचलते. राजा तिला पिऊ नकोस म्हणतो, पण पेल्यात काय आहे ते सांगू शकत नाही, कारण विष त्यानेच घातलंय. वैजूला त्याच पेचात उभी करा.

नितीन : ताई, चावी दे ना. वरातवाले थांबलेत.
(वैजूचा हात वहीवर.)
भाऊसाहेब : दे त्याला. पोराची पहिलीच खेप आहे.
वैजू : दुसरी गाडी नाही का?
भाऊसाहेब : ह्या गाडीला काय झालंय?
(वैजू गप्प.)
भाऊसाहेब : नितीन, तू हो पुढे. पंपावर थांब, मी आलोच.

नितीन चावी घेऊन जातो. भाऊसाहेब वही ओढून घेतात आणि फाटलेल्या पानाची कड बघतात. असं पान एकदा त्यांनीच फाडलंय, त्यांना एका नजरेत कळतं. आता वैजू बोलते, पण नितीन चौक ओलांडून गेलाय.
सांभाळा : तिला उशीर एका ओळीचाच होऊ द्या. पाच मिनिटं उशीर झाला तर प्रेक्षक तिच्यावर चिडतो, एका ओळीचा झाला तर तिच्यासोबत खुर्चीत पुढे झुकतो.

संवादांवर हात फिरवा

१५. प्रत्येक भेटीचं शेवटचं वाक्य वेगळ्या पानावर उतरवा. पाच वाक्यं एकाखाली एक वाचा. प्रत्येक वाक्याने पुढच्या भेटीबद्दल एक प्रश्न उभा राहतो का? ‘सही नाही, साहेब’ ऐकून प्रश्न पडतो. ‘मी तुम्हाला सोडणार नाही’ ऐकून पडत नाही.
सांभाळा : टाळ्या घेणारं वाक्य आणि उत्कंठा ठेवणारं वाक्य यांत निवड करावी लागली, तर टाळ्या सोडा.

१६. लाल पेनने धमक्या खोडा. ‘बघून घेईन’, ‘रक्ताचा बदला रक्ताने’, ‘तुझा काळ जवळ आलाय’ हे सगळं काढा. जिथे धमकी होती तिथे हातातलं काम लिहा : तिकिटं मोजणं, चहा गाळणं, किल्ल्या खुंटीला लावणं.
सांभाळा : पाचही भेटी मिळून एकच उघड धमकी ठेवता येईल. ती खलनायकाला द्या आणि त्याने ती हसत बोलू द्या.

१७. सरळ उत्तरं एक ओळ पुढे सरकवा. प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका. मधे एक वेगळं वाक्य घाला आणि मगच उत्तर द्या. ‘कोणी लिहिलंय?’ ‘चहा गार होतोय तुमचा.’ ‘कोणी लिहिलंय म्हटलं.’ ‘सही नाही, साहेब.’
सांभाळा : एका भेटीत हे दोनदाच. तिसऱ्यांदा केलं की पात्रांना ऐकू येत नाही असं वाटतं.

१८. दोन भेटींमध्ये एक हलका श्वास ठेवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीच्या मधे एखादा प्रवासी आणा : त्याला खिडकीची सीट हवीय, डिक्कीत आंब्याच्या पेट्या टाकायच्यात आणि पिशवीचं भाडं द्यायचं नाहीय. दीड मिनिट हसू द्या. हसून सैल झालेला प्रेक्षक पुढच्या भेटीत जास्त घट्ट पकडला जातो.
सांभाळा : चौथ्या भेटीनंतर विनोद नको. तिथे वैजू पान फाडणार आहे.

टेबल आणि दार

१९. दार कोणाच्या पाठीशी आहे ते ठरवा. पहिल्या तीन भेटींत दार वैजूच्या जवळ ठेवा. ती कधीही जाऊ शकते. चौथीत भाऊसाहेबांना दाराजवळ उभं करा. पाचवीत दार सताड उघडं आणि त्यातून नितीन गेलेला. नेपथ्याला पैसे नसतील तर माणसांचं दार करा. भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ला पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या ‘घाशीराम’मध्ये ब्राह्मणांची रांगच भिंत होत होती, पडदा होत होती.
सांभाळा : माणसांची भिंत केलीत तर तिला अभिनय करू देऊ नका. भिंत हळहळत नाही.

२०. दोघांमधलं अंतर खडूने आखा. पहिली भेट आठ फूट, दुसरी पाच, तिसरी हाताच्या अंतरावर (गोळी द्यायची आहे), चौथी पुन्हा पाच आणि मधे टेबल, पाचवी सुरुवातीला आठ आणि शेवटी वहीवर दोघांचेही हात.
सांभाळा : नटाला राग आला की तो पुढे सरकतो. खडूच्या रेघेवर बोट ठेवा आणि मागे पाठवा.

२१. शांतता घड्याळाने मोजा. बशी थांबते तिथे ३ सेकंद. डबा फिरतो तिथे ४. ‘ह्या गाडीला काय झालंय?’ नंतर पूर्ण ७. मोबाइलवर वेळ लावा. तालमीत सात सेकंद युगासारखे वाटतात आणि नट दोनवरच बोलून मोकळा होतो.
सांभाळा : लांब शांतता एकच ठेवा. सगळीकडे सात सेकंद थांबलात तर ऑफिस बंद पडल्यासारखं वाटेल.

२२. चौकातला आवाज टिपून आणा. संध्याकाळी कात्रज चौकात जा. कोल्हापूर-बेंगळुरूच्या गाड्यांची वाट बघणारी गर्दी, ‘सातारा, सातारा’चा पुकारा, हॉर्न, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीची शिट्टी असं दहा मिनिटं सलग रेकॉर्ड करा. पाचही भेटींखाली हा आवाज बारीक चालू ठेवा आणि एकदाच बंद करा : वैजूच्या सात सेकंदांत.
सांभाळा : अपघाताचा आवाज वाजवू नका. नितीनचा फोन लागतोय आणि उचलला जात नाही, एवढंच ऐकवा.

तालीम

२३. पहिली पूर्ण तालीम कुजबुजत करा. दोघांनी समोरासमोर बसून सगळे संवाद इतक्या हळू बोलायचे की तिसऱ्याला जेमतेम ऐकू यावेत. जिथे आवाज आपोआप वाढतो त्या ओळीखाली रेघ मारा. तिथे संवाद कच्चा आहे, म्हणून नट घसा वापरतोय.
सांभाळा : रेघ मारलेल्या ओळी नटाला सुधारायला लावू नका. त्या तुम्ही लिहा.

२४. परक्या व्यक्तीला समोर बसवा. गोष्ट ठाऊक नसलेली ती व्यक्ती बोलवा. प्रत्येक भेट संपली की थांबा आणि एकच प्रश्न विचारा : ‘आता काय होईल असं वाटतं?’ उत्तरं तशीच्या तशी लिहून घ्या.
सांभाळा : ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘छान आहे’ या उत्तराचं काहीच करता येत नाही.

२५. उत्तरांवरून कार्डं दुरुस्त करा. तिने बरोबर ओळखलं आणि तरी पुढचं बघायचंय, तर कार्ड पक्कं. बरोबर ओळखलं आणि जांभई दिली, तर त्या भेटीतून एक माहिती काढून पुढे ढकला. काहीच ओळखता आलं नाही, तर एक माहिती आधीच्या भेटीत आणा.
सांभाळा : एका वेळी एकच कार्ड बदला आणि पुन्हा पहिल्या भेटीपासून वाचा. चौथ्या कार्डातला एक शब्द हलला की पहिल्यातला डबा चुकीच्या जागी सापडतो.

२६. शेवटचं वाक्य बोललं गेलं की दिवे घालवा. फोन वाजतोय, वैजू आणि भाऊसाहेब दोघंही वहीकडे बघतायत, इथेच ब्लॅकआउट. पोलीस नको, पश्चात्तापाचं भाषण नको, वडिलांचा आत्मा नको.
सांभाळा : ‘प्रेक्षकाला कळेल का?’ अशी शंका येईलच. पाचही कार्डं पास झाली असतील तर कळतं.

अडलं तर

- दुसऱ्या भेटीत कोणी हललं नाही : सापळ्याचे शब्द फार लांब आहेत. आठ शब्दांच्या आत आणा.
- वैजूचा राग यायला लागला : पाचव्या पायरीतली अडचण पुरेशी खरी नाही. तिजोरी पहिल्याच भेटीत दिसू द्या.
- भाऊसाहेबांची कीव येतेय आणि बदला नकोसा वाटतोय : छान, तेच हवंय. काही बदलू नका.
- पाऊण तासाच्या वर गेलंय : भेटी कापू नका. खिडकीची सीट मागणारा प्रवासी कापा.

सगळं जमलं? मग तालमीची तारीख आत्ताच टाका. हॉल मिळाला नाही तर कोणाच्या तरी गच्चीवर सुरू करा, टेबल आणि दोन खुर्च्या तेवढ्या वर न्या. पहिल्या दिवशी फक्त पहिलं कार्ड, आणि चहाचे पैसे लेखकाने द्यायचे.